कमी भांडवलात गाण्याची चित्रफीत : धायरीतील एका कामाचा हिशेब

सिंहगड रस्त्यावरील धायरी गाव २०१७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. धायरी आणि शेजारच्या नऱ्हे भागात लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशनची लहान-लहान वर्कशॉपे आहेत. अशाच एका वर्कशॉपात काम करणारा एक तरुण आमच्याकडे आला. वय चोवीस. स्वतः गाणे लिहितो, स्वतः चाल लावतो, मित्राच्या खोलीत गादी भिंतीला टेकवून रेकॉर्डिंग करतो. त्याने जुनी मोटारसायकल घेण्यासाठी ५५ हजार रुपये साठवले होते. ते सर्व तो एका गाण्याच्या व्हिडिओवर लावायला निघाला होता. आम्ही तिघे मूळचे लग्नाच्या शूटिंगचे. ज्याचे पैसे बुडाले तर वर्षभर पायी कामावर जावे लागेल अशा माणसाचे काम हाती घेताना काय विचार करावा लागतो, काय चुकते आणि पैसा कुठे जातो, हे या लेखात सांगत आहोत.

आरंभीच एक खुलासा. संगीताविषयी आमच्या वाचकांत मतभिन्नता आहे हे आम्ही जाणतो. त्या चर्चेची जागा हे पान नव्हे. मात्र पुढे दिलेली रीत नात आणि हम्दच्या चित्रफितीला, शाळेच्या माहितीपटाला किंवा एखाद्या दुकानाच्या जाहिरातीलाही तितकीच उपयोगी पडते.

काळ कसा बदलला

१९९५ साली अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' आले, १९९६ साली लकी अली यांचा 'सुनो' हा अल्बम आला. 'ओ सनम'चे चित्रण थेट इजिप्तमध्ये झाले होते. त्या काळी अशी चित्रफीत म्हणजे फिल्मची रिळे, प्रयोगशाळेत धुलाई, भाड्याच्या स्टुडिओत संकलन आणि वाहिनीवर लावण्यासाठी मोठी कंपनी पाठीशी. एकट्यादुकट्या गायकाच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती.

आज परिस्थिती उलटी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणाने 'नेझी' या नावाने जानेवारी २०१४ मध्ये 'आफत' हे गाणे यूट्यूबवर टाकले. वडिलांनी भेट दिलेल्या आयपॅडवरच त्याने गाणे रेकॉर्ड केले आणि चित्रीकरणही त्यावरच, आपल्याच वस्तीत केले. त्याच्या आणि डिव्हाइन या रॅपरच्या वाटचालीवरून प्रेरणा घेऊन २०१९ साली 'गली बॉय' हा चित्रपट आला, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या पुण्यातही ताडीवाला रस्त्याच्या वस्तीतून आलेला एम. सी. स्टॅन आधी यूट्यूबवरील गाण्यांमुळेच ओळखला गेला; २०२३ साली 'बिग बॉस'चा विजेता झाला तो नंतर. मराठवाड्याच्या कडूबाई खरात यांची एकतारीवरची भीमगीते मोबाइलवर चित्रित होऊन गावोगाव पोहोचली. तेथे ना दिवे होते, ना मेकअप.

मात्र या उदाहरणांतून आमचे तरुण चुकीचा धडा घेतात. 'आफत'मध्ये कथा नाही. एक मुलगा आपल्या गल्लीत उभा राहून गातो, एवढेच आहे. कडूबाईंचेही तसेच. जेथे गायकच पाहण्यासारखा आहे तेथे मोबाइल पुरतो. जेथे कथा सांगायची आहे तेथे काम वेगळे होते. एका मुलाला दोन जागी, दोन वेळी, एकाच कपड्यांत दाखवायचे म्हणजे नियोजन आले.

कथा लहान कशी करावी

आमच्या गायकाने लिहून आणलेली कथा अशी होती: नायक-नायिका, पावसात मारामारी, खडकवासल्याच्या पाण्यावरून ड्रोन आणि शेवटी रुग्णालय. आम्ही त्याला समोर बसवून प्रत्येक प्रसंगाला किंमत लावली. पावसासाठी पाण्याचा टँकर. मारामारीसाठी निदान सहा माणसे आणि जखमेची भीती. रुग्णालयाला परवानगी. ड्रोनचे तर विचारूच नका. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर परवानाधारक चालक लागतो, आणि त्याआधी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या क्षेत्रात येते ते पाहावे लागते. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथे हौस म्हणून ड्रोन सोडणे म्हणजे पोलीस चौकीचा रस्ता धरणे. धरणाच्या भिंतीजवळ चित्रण करायचे तर जलसंपदा विभागाकडे अर्ज, सिंहगडावर जायचे तर वनखाते आणि पुरातत्त्व खाते. सरकारी जागांवरील चित्रीकरणासाठी गोरेगावच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिचा उपयोग जरूर करावा. पण दोन दिवसांच्या कामाला खासगी जागा आणि तिच्या मालकाची लेखी संमती यासारखी सोय नाही.

मग गाण्याचे शब्द पुन्हा वाचले. गाणे बापाविषयी होते. आम्ही विचारले, "भाई, तुझे अब्बा दुपारी जेवायचे कुठे?" तो म्हणाला, "वर्कशॉपातच. मी डबा घेऊन जायचो." कथा तेथे सापडली. पहिल्या कडव्यात मुलगा बापाला डबा नेऊन देतो. मधल्या भागात बापाचा हात मशिनवर थरथरतो. शेवटच्या कडव्यात मुलगा त्याच मशिनवर उभा आहे आणि म्हातारा बाप डबा घेऊन दारात येतो. दोन पात्रे, दोन जागा, एक स्टीलचा डबा. संवाद नाही. आवाज बंद करून पाहिले तरी कळते, आणि गाण्याच्या चित्रफितीची खरी कसोटी आमच्या मते हीच आहे. पुण्यात तर याचा वारसाच आहे. १९३३ साली कोल्हापूरहून येथे आलेल्या प्रभात कंपनीच्या चित्रपटांत गाणी कथेला थांबवीत नसत, पुढे नेत असत. त्याच प्रभातच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिचे लघु अभ्यासक्रमही निघतात; ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने त्यांची चौकशी करावी.

सुरुवातीला डबा नेणारा मुलगा दहा वर्षांचा असावा असे ठरले होते. पण बालकलाकारासाठी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते, दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, सलग तीन तासांपलीकडे विश्रांतीवाचून ठेवता येत नाही, आणि त्याच्या मोबदल्याचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. 'दोनच तासांचे काम आहे' म्हणून शेजारचे पोर उचलून आणणारे बरेच आहेत. आम्ही तसे केले नाही. शिवाय वर्कशॉपात, मशिनजवळ लहान मूल उभे करणे आम्हाला पटले नाही. मुलाला कॉलेजात जाणारा केला, तो खुद्द गायकानेच साकारला, आणि कथा उलट अधिक चांगली झाली.

शॉटचा हिशेब

गाणे ४ मिनिटे १० सेकंदांचे, म्हणजे २५० सेकंद. सरासरी चार सेकंदांचा एक शॉट धरला तर साधारण ६२ शॉट लागतात. नवशिक्या माणूस हा आकडा ऐकूनच घाबरतो. परंतु यातील निम्मे शॉट गायकाचे असतात. गायकाला एका जागी उभे करून पूर्ण गाणे तीनदा-चारदा वेगवेगळ्या कोनांतून घेतले की ते निघतात. उरले कथेचे तीस. दोन दिवसांत तीस शॉट हे लहान तुकडीला झेपणारे काम आहे.

एका वहीत तीन रकाने पाडावेत. पहिल्यात गाण्याचे मिनिट-सेकंद, दुसऱ्यात ओळ, तिसऱ्यात चित्र. मग तीच यादी जागेप्रमाणे पुन्हा लिहावी, कारण शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही. एका जागेचे सगळे एकदम उरकावे लागते. या वहीला खर्च शून्य. आमच्या अनुभवात पैसे वाचविणारी यासारखी दुसरी वस्तू नाही, आणि तरीही दहापैकी आठ जण वही न करताच कॅमेरा भाड्याने आणतात.

वर्कशॉपाची जागा गुरुवारी मोकळी मिळाली, कारण तो तेथील साप्ताहिक सुट्टीचा वार. मालक शेठ भला माणूस. पण पुणेकरांना ठाऊक आहे की वीज आणि पाण्याच्या दुरुस्तीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात. सकाळी दहाला वीज गेली ती चारला आली. आम्ही बॅटरीवर चालणारे दोन एलईडी दिवे नेले होते म्हणून निभावले. खरा उजेड मात्र पत्र्याच्या छपरातील पारदर्शक पन्ह्यांतून येत होता. पांढरा सनबोर्ड धरून तो चेहऱ्यावर वळवला. हा सनबोर्ड स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, आणि भाड्याच्या महागड्या रिफ्लेक्टरइतकेच काम देतो.

एक तांत्रिक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण लग्नाच्या व्हिडिओंतही ही चूक सर्रास दिसते. आपल्याकडील वीज ५० सायकलची आहे. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्बखाली चित्रण करताना कॅमेऱ्याचा शटर एकपन्नासांश किंवा एकशतांश सेकंदावर ठेवावा आणि सेकंदाला २५ चित्रे घ्यावीत. नाहीतर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि ते संकलनात सहजी जात नाहीत. मोबाइलने चित्रण करणाऱ्यांनीही आपोआप ठरणारी मांडणी बंद करून हे हाताने ठरवावे.

मंद गतीत गायकाचे ओठ मात्र गाण्याशी जुळलेले, असे दृश्य पाहून लोक चकित होतात. त्यात जादू नाही. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे आणि चित्रण सेकंदाला ५० चित्रांनी करायचे. नंतर ते २५ च्या गतीने चालवले की चाल संथ होते आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. आमच्या गायकाला दुप्पट वेगाचे गाणे पाठ करायला दोन संध्याकाळी लागल्या. त्याची आई दारात उभी राहून हसत होती.

आमची चूक

आता जे चुकले ते. शूटिंग झाले त्या दिवशी गाण्याचे अंतिम मिश्रण झालेले नव्हते. 'आवाज तर तोच राहणार' असे म्हणून आम्ही कच्च्या गाण्यावर चित्रण केले. पुढे मिश्रण करणाऱ्याने गाणे थोडे रेंगाळते म्हणून त्याची लय मिनिटाला ९२ ठोक्यांवरून ९४ वर नेली. कानाला फरक जाणवत नाही. पण २५० सेकंदांचे गाणे सुमारे २४५ सेकंदांचे झाले, म्हणजे अखेरीस पाच सेकंदांचा फरक. पहिल्या ओळीला ओठ जुळत होते, दुसऱ्या कडव्यात गायक गात होता एक आणि ऐकू येत होते दुसरे. कथेचे शॉट वाचले, कारण त्यात कोणी गात नव्हते. गाण्याचे सर्व शॉट टाकून द्यावे लागले.

पुन्हा अर्धा दिवस कॅमेरा, पुन्हा चहा-नाश्ता, आणि गायकाचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. चार हजार रुपये गेले. विचारण्याची जबाबदारी आमची होती, म्हणून ती रक्कम आमच्या मेहनतान्यातून वळती केली. तेव्हापासून गाणे पक्के झाल्याचा गायकाचा लेखी निरोप आल्याशिवाय आम्ही कॅमेऱ्याचे भाडे भरत नाही.

खर्च

सर्व आकडे आमच्या वहीतील आहेत. अन्यत्र दर कमी-अधिक असतील. कॅमेरा आणि दोन लेन्स, दोन दिवसांचे भाडे ५,०००. दिवे, स्टँड आणि गिंबल ३,६००. कॅमेरामन ६,०००. दोन मदतनीस ४,८००. बापाची भूमिका करणारे नाट्यकलावंत ४,०००. कपडे आणि रंगभूषा १,८००. नऊ माणसांचे दोन दिवसांचे जेवण-चहा ४,३००. टेंपो आणि प्रवास १,९००. वर्कशॉपाच्या साफसफाईसाठी आणि राखणदाराला १,५००. हार्ड डिस्क ४,२००. संकलन आणि रंगसुधारणा ८,०००. बेरीज ४५,१००. कथा आणि दिग्दर्शनाचे आमचे ६,००० धरून ५१,१००. वर सांगितलेले ४,००० आम्ही सोसले, त्यामुळे गायकाच्या ५५ हजारांतून ३,९०० शिल्लक राहिले.

जेवणाचा आकडा पाहून काहींच्या कपाळावर आठी पडेल. तेथे काटकसर करू नये. कमी पैशांत काम करणाऱ्या माणसाला उपाशी ठेवले की दुपारनंतरचा प्रत्येक शॉट फुकट जातो. हार्ड डिस्कही अनेकांना चैन वाटते. चित्रण रोज संध्याकाळी दोन ठिकाणी उतरवून ठेवले नाही तर एका कार्डाच्या बिघाडात सगळे भांडवल जाते.

कॅमेरा विकत घ्यावा का, असे आम्हाला तरुण वारंवार विचारतात. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते हे खरे. पण वर्षाला दहा कामेही हाती नसताना कर्ज काढून कॅमेरा घेणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. पुण्यात भाड्याने सर्व मिळते, आणि मॉडेल जुने होण्याचा तोटा भाड्याने देणाऱ्याच्या माथी राहतो. उद्यम नोंदणी मात्र करून घ्यावी. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात साधारणतः वर्षाची उलाढाल २० लाखांपलीकडे गेल्यावर लागते.

हक्क कोणाचा

या धंद्यात सर्वाधिक भांडणे कॅमेऱ्यावरून होत नाहीत, कागदावरून होतात. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन चित्रफीत करवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पैसे देणारा हा पहिला मालक ठरतो. म्हणजे आमच्या प्रकरणात गायक. तरीही आम्ही एका पानावर लिहून दिले: चित्रफीत त्याची, आम्हाला नमुना म्हणून दाखविण्याची मुभा. कलावंताची संमती, वर्कशॉप मालकाची संमती, सर्व त्याच फाइलीत.

गाण्याचे हक्क विकताना तर दुप्पट सावध राहावे. कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिले आहे. तरीही 'तुझे गाणे आमच्या चॅनेलवर टाकतो' म्हणून कोऱ्या कागदावर सही घेणारे आहेत. गीतकार-संगीतकारांना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद होता येते, ते व्हावे.

आमच्या गायकाने ताल स्वतः बसवला होता, म्हणून प्रश्न आला नाही. पण अनेक मुले इंटरनेटवरून तयार 'बीट' घेतात. ती दोन प्रकारे मिळते: केवळ वापरण्याचा परवाना, जो विक्रेता इतर शंभर जणांनाही देतो, किंवा पूर्ण हक्क, जो महाग असतो. स्वस्त परवान्यात किती वेळा वाजवता येईल याची मर्यादाही असते. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा जुळणारा आवाज ओळखते आणि जाहिरातीचे उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते. दुसऱ्याचे जुने गाणे नव्याने गाऊन चित्रफीत करणे तर परवानगीवाचून करूच नये. 'मी स्वतः गायलो आहे' हा बचाव चालत नाही.

यूट्यूबवर टाकण्याआधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही. केबल किंवा दूरचित्रवाणी वाहिनीवर दाखवायचे तर सर्वांना पाहण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र लागते.

परतावा

आता वाचक विचारतील की ५१ हजार परत आले का? यूट्यूबच्या जाहिरातीतून कमाई सुरू होण्यासाठीच चॅनेलचे एक हजार सभासद आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे लागते, किंवा तीन महिन्यांत छोट्या व्हिडिओंची एक कोटी दर्शने. नव्या गायकाला पहिल्या गाण्यावर ते साधणे कठीण, आणि आम्ही त्याला तसे पैसे घेण्याआधीच सांगितले होते. ज्याने 'व्हायरल करून देतो' असे सांगितले त्याच्यापासून दूर राहावे. अशी चित्रफीत म्हणजे गायकाचे ओळखपत्र. कार्यक्रमाच्या आयोजकाला दुवा पाठवता येतो, कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणे येते, दुसऱ्या गाण्याला कोणी भागीदार मिळतो. आमच्यासारख्यांना एका चांगल्या चित्रफितीमुळे दुसरे काम मिळते. या कामानंतर नऱ्ह्याच्या एका कारखानदाराने आपल्या मालाची तीन मिनिटांची फिल्म आमच्याकडून करवून घेतली, आणि तिचा मोबदला गाण्याहून बरा होता.

त्यासाठी एक काम त्याच वेळी करून ठेवावे. मुख्य चित्रफीत आडवी असते, पण तीस-चाळीस सेकंदांचे उभे तुकडे मोबाइलसाठी लागतात. चौकट अशी धरावी की मधला भाग कापला तरी डबा आणि चेहरा दोन्ही दिसावेत. आम्ही असे चार तुकडे काढून दिले.

चित्रफीत तयार झाल्यावर सर्वांत आधी वर्कशॉपाच्या शेठना दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारले, "आमच्या दुकानाची पाटी कुठे दिसत नाही?" खरोखरच आम्ही ती चौकटीबाहेर ठेवली होती. शेवटच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव घातले. गायक दुसऱ्या गाण्याची चाल घेऊन पुढच्याच गुरुवारी आला. आम्ही त्याला मिश्रण पूर्ण करून यायला सांगितले आहे.